मिरामारच्या शर्यतीत पाण्याच्या टेबलावर

नागपूरहून पणजीजवळच्या ताळगावला मावशीकडे जायचंच होतं, म्हणून मुक्काम आयर्नमॅन ७०.३ च्या आठवड्यात बसवला आणि व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलं. ही शर्यत २०१९ साली पहिल्यांदा पणजीत मिरामारला झाली. समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल, वर २१.१ किमी धावणं. मैलांत बेरीज ७०.३ येते, म्हणून ते नाव. फोटो पोहण्याच्या बाजूला चांगले येतात. पण बाहेरगावहून आलेल्याने धावण्याच्या मार्गावरचं पाण्याचं टेबल मागून घ्यावं. काम तासाभरात हातात बसतं.

फॉर्ममध्ये आणीबाणीचा फोन नंबर गोव्यातल्या नातेवाइकाचाच द्या. चक्कर आली तर नागपूरला फोन लावून कोण येणार? आदल्या दिवशी माहिती द्यायला बोलावतात, तेव्हा शर्यतीच्या किमान दोन दिवस आधी पोचा. नातेवाइकांना एक गोष्ट आधीच समजावून सांगा: मार्ग सकाळी वाहनांना बंद होतो. ‘सोडते की स्कूटरवरून’ म्हणणारी मावशी पहिल्या बॅरिकेडपाशीच अडकते. पहाटे साडेतीनला पायलट (गोव्यातली मोटरसायकल टॅक्सी) मिळेल या भरवशावर राहू नका. कोणत्या बाजूने चालत जायचं ते आदल्या संध्याकाळी पायी जाऊन बघा.

आता टेबल. एक हजार धावणारे, प्रत्येकी तीन वेळा समोरून गेले आणि दर वेळी दोन पेले उचलले, असं धरा. सहा हजार पेले झाले. पेल्यात १५० मिली भरलं तर २० लिटरच्या एका जारमध्ये साधारण १३३ पेले होतात, म्हणजे पंचेचाळीस जार. हा हिशेब आधी केला नाही तर दहाच्या सुमारास, ऊन चढलेलं असताना, जार संपतात. पेला काठोकाठ भरू नका. धावणारा तो झपकन उचलतो आणि अर्धं पाणी त्याच्या बुटात जातं. ओल्या बुटाने फोड येतात, पुढचे दहा किमी तो तुम्हालाच आठवत राहतो.

मांडणी अशी असावी: सुरुवातीला पाणी, मग इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं पेय), केळी, कोला, नंतर बर्फ आणि स्पंज, शेवटी पुन्हा पाणी. गोड घेतल्यावर घोटभर साधं पाणी लागतंच. कचऱ्याचे पिंप टेबलाला खेटून नको, तीस-चाळीस पावलं पुढे ठेवा. पिऊन होईपर्यंत माणूस तेवढा पुढे गेलेला असतो. इलेक्ट्रोलाइटची पावडर थेट भरलेल्या जारमध्ये ओतली की तळाशी बसते. वरचे पेले फिके निघतात, खालचे इतके दाट की पोट बिघडतं. आधी बादलीत दोन लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, मग जारमध्ये घालून ढवळा. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असेल तेच, अंदाजाने नाही. कोलाच्या बाटल्या तासभर आधी उघडून गॅस जाऊ द्या. वेलची केळी अख्खी द्या, लांब केळी सालासकट अर्धी कापून. मावशीने गोव्यातल्या मयडे गावच्या केळ्यांचा आग्रह धरला होता; चव उत्तम, पण ती घरी हलव्याला.

पेला देताना बाजूने मुठीत धरू नका. तळाशी बोटांनी हलका आधार द्या किंवा तळहातावर ठेवा, हात पूर्ण लांब करा आणि त्याचा हात लागला की सोडा. कोण काय देतंय ते ओरडून सांगा, ‘वॉटर, वॉटर’, कारण चष्म्यावर घाम साचलेल्या माणसाला टेबल नीट दिसत नाही. सायकलच्या मार्गावर काम आलं तर आणखी जपा: ताशी ३० किमी वेगाची सायकल एका सेकंदात आठ मीटर जाते. बाटली घट्ट धरली तर सायकलस्वार पडतो. पडलेल्या बाटल्या उचलायला रस्त्यात उतरायचं ते पुढेमागे मोकळं बघूनच.

नातेवाईकच शर्यतीत असेल तर? टेबलावरचं सगळ्यांना देता तेच त्याला द्या. घरून आणलेला डबा, सोलकढीची बाटली वगैरे दिली तर ती बाहेरची मदत ठरते आणि दंड त्याला बसतो. त्याच्या बरोबर धावत जाणंही त्यातच आलं.

ऑक्टोबरात पणजीत घाम सुकतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. कोणी झोकांड्या खात असेल, असंबद्ध बोलत असेल, तर पाणी तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. सावलीत बसवा, मानेला बर्फ लावा, छातीवरचा नंबर वाचून वैद्यकीय पथकाला कळवा. नंबर आधी सांगा, जागा नंतर. गोंधळात लोक नेमकं उलट करतात आणि माहिती अर्धी राहते.

एकूण मुदत साडेआठ तासांची असते. शेवटचे लोक सगळ्यांत जास्त वेळ उन्हात असतात आणि नेमकं तेव्हाच लोक टेबल आवरायला घेतात. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागची गाडी जाईपर्यंत दोन जार आणि बर्फाचा एक खोका हलवू नका. नंतर पेले गोळा करा. वारा समुद्राकडे वळला की ते थेट वाळूत जातात, म्हणून पोती आधीच बांधून ठेवा. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा. संध्याकाळपर्यंत तुमचे पाय प्लॅटफॉर्मवर उभं राहायच्या लायकीचे नसतात.