४० हजारांची सर्व्हिस आणि डीलरागणिक वेगळा आकडा

मीटर ४० हजार किलोमीटरच्या जवळ आलं तसे डीलरचे मेसेज सुरू झाले. ही सर्व्हिस जरा खर्चिक असते, म्हणून या खेपेला इतर अधिकृत डीलरांकडेही भाव काढले. फोनवर सगळे एकच वाक्य बोलतात, "अंदाजे इतके होतील." त्यात कर धरलाय का, ऑइल कुठलं, काही कळत नाही. गाडी तीच, सर्व्हिस तीच, तरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक!

मग मॅन्युअल काढलं. त्यात देखभालीचा तक्ता असतो: किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते. ४० हजारांच्या रकान्यात माझ्या गाडीला बदलायच्या गोष्टी मोजक्याच निघाल्या. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेक फ्लुइड. (ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, मग ते कमी तापमानालाच उकळतं. म्हणून गाडी कमी चालली तरी बहुतेक कंपन्या ते दोनेक वर्षांनी बदलायला सांगतात.) बाकी सगळ्यापुढे नुसतं 'तपासा'. धुळीत किंवा सतत ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा, लवकरचा तक्ता असतो, तोही बघून ठेवला.

ही यादी आणि चासी नंबर टाकून सगळ्यांना तोच मेल पाठवला. पार्ट आणि लेबर वेगवेगळे दाखवा, रक्कम करासकट द्या. "गाडी आणा, मग बघू" म्हणणाऱ्यांना तिथेच वगळलं.

एस्टिमेट शेजारी शेजारी ठेवल्यावर खरी गंमत. पार्टच्या किमतींत फारसा फरक नाहीच. फरक होता लेबरमध्ये आणि तक्त्यात नसलेल्या ओळींमध्ये: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन. "हे मॅन्युअलमध्ये कुठे आहे?" असं विचारल्यावर एका सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने "मॅडम, आम्ही रेकमेंड करतो" म्हणत त्या ओळी मुकाट्याने काढल्या. म्हणजे त्या वाचल्या नसत्या तर बिलात आल्याच असत्या.

ऑइलचं तर बघण्यासारखं. माझ्या इंजिनात फिल्टरसकट साडेतीन लिटर मावतं. एकीकडे चार लिटर लावलेलं, कारण डबे लिटरचे. दुसरीकडे ड्रममधून मोजून, जेवढं जाईल तेवढंच बिल. एकाने 'सिंथेटिक' एवढंच लिहिलं होतं, ग्रेड (ऑइल किती पातळ-घट्ट ते) नाही. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० आहे, तेच एस्टिमेटवर लिहून घेतलं.

आणि चाकं! ब्रेक साफ करायला चाकं काढावी लागतातच. परत बसवताना पुढची मागे, मागची पुढे केली की टायर रोटेशन झालं. एका डीलरने दोन्हींचं पूर्ण लेबर वेगवेगळं लावलेलं. चाकं एकदा निघणार, पैसे दोनदा. एसीच्या फिल्टरलाही वेगळं लेबर होतं. माझ्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाना-स्क्रूड्रायव्हर न लावता हातानेच निघतो. ती ओळ मी काटली आणि फिल्टर घरी बदलला.

शेवटी गाडी दिली ती सगळ्यात स्वस्त डीलरकडे नाही. त्याचा आकडा कमी होता कारण ब्रेक फ्लुइड आणि प्लग त्याने धरलेच नव्हते. ते मिळवल्यावर तो मधल्याच्या वर गेला. मधल्याकडे वेळ घेतली आणि जॉब कार्डवर (गाडी देताना कामं लिहितात तो कागद) लिहून घेतलं, 'विचारल्याशिवाय जादा काम नको, जुने पार्ट दाखवावेत'.

दुपारी फोन आलाच. पुढचे ब्रेक पॅड बदलायला हवेत म्हणे. "किती मिलिमीटर उरलेत?" पलीकडे जरा शांतता, मग मोजून सांगितलं, सहा. साधारण तीनच्या आसपास आले की बदलतात. तो आकडा जॉब कार्डवर लिहायला सांगितला आणि पॅड तसेच ठेवले. बिल एस्टिमेटएवढंच आलं.