जिन्याखाली बाबागाडी ठेवायची नाही

मागच्या महिन्यात इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. जिन्याखाली, पॅसेजमध्ये, दाराबाहेर काहीही ठेवायचं नाही. सायकली, चपलांची रॅक, बाबागाड्या, सगळं आपापल्या घरात. मुदतीत हललं नाही तर उचलून नेलं जाईल. पत्र सगळ्या घरांना होतं, पण बाबागाडी इमारतीत एकच आहे आणि ती आमची. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, आणि लंडनमधल्या बऱ्याच जुन्या इमारतींप्रमाणे इथेही लिफ्ट नाही.

मी आधी चिडलेच. नवऱ्याला म्हटलं, आपल्या पुण्याच्या सोसायटीत जिन्याखाली काय नसतं? जुना कूलर, कुणाच्या तरी घरच्या कार्यातल्या खुर्च्या, पोरांच्या सायकली. कुणी कुणाला नोटीस धाडत नाही, उलट वॉचमनकाका लक्ष ठेवतात. पण हेही खरं की २०१७ साली इथल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला आग लागली, ७२ माणसं गेली, आणि तेव्हापासून इमारतींमधल्या आगीच्या नियमांकडे फार गांभीर्याने बघितलं जातं. धुराने भरलेल्या जिन्यातून चाचपडत उतरणाऱ्या माणसाच्या पायात माझ्या लेकीची गाडी आलेली मला चालणार नाही. चिडचिड तिथेच संपली. प्रश्न उरला गाडीचा.

आमची आधीची गाडी चांगली दणकट होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने दिलेली, तेरा किलोची. लेक तान्ही असताना तीच योग्य होती, कारण पहिले सहा महिने बाळाला गाडीत जवळजवळ सपाट झोपवावं लागतं, आणि बऱ्याचशा हलक्या गाड्यांची पाठ तेवढी खाली जात नाही. त्यांच्यावर 'सहा महिन्यांपासून पुढे' असं लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. आता लेक दीड वर्षाची होत आली, दहा किलोंची झाली. ती एका कडेवर, दुसऱ्या हातात तेरा किलो, खांद्याला भाजीची पिशवी, आणि असे दोन मजले, हे रोजचं होणार नव्हतं. हलकी गाडी घ्यायची ठरली.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा पोरीला सतत गाडी कशाला? आम्ही दोन्ही पोरं कडेवर वाढवली." वाढवली खरी, आणि त्याचा मला अभिमानच वाटतो. आपल्याकडे बाळ माणसाच्या अंगाखांद्यावर वाढतं. इथल्या पुस्तकांत आता त्याचं कौतुक छापून येतं. पण त्यांच्या हाताशी आजेसासूबाई होत्या, शेजारच्या काकू होत्या, कोपऱ्यावर रिक्षा होती. इथे नवरा सातला बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत मी आणि लेक. लसीकरण असो, लायब्ररी असो नाहीतर दूध आणायचं असो, सगळं पायी किंवा बसने. पोरीला गाडीत टाकून फिरवतात असं परदेशातल्या आयांबद्दल कुणी म्हणालं की मला लागतं, म्हणून हे एवढं लिहिलं.

गाडी निवडताना मात्र माझ्या डोक्यात जिन्यापेक्षा बस जास्त होती.

लंडनच्या बसमध्ये मधल्या दाराजवळ एक मोकळी जागा असते. पाठ टेकायला गादी लावलेला उभा फळा, बाजूला धरायला दांडा, वर निळी पाटी. कायद्याने ही जागा किमान १३० सेंटिमीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर रुंद लागते. ती व्हीलचेअरसाठी आहे. व्हीलचेअर नसेल तेव्हा बाबागाडी उघडीच तिथे उभी करता येते, फळ्याला टेकवून, ब्रेक लावून. पण थांब्यावर व्हीलचेअर दिसली की ड्रायव्हर आत घोषणा लावतो, दारातून रॅम्प आवाज करत बाहेर सरकतो, आणि तेवढ्यात आपण बाळाला उचलून, गाडीची घडी घालून बाजूला झालेलं असायला हवं. बाळ झोपलंय, पिशव्या भरल्यात, बाहेर पाऊस आहे, यातलं काहीही सांगून भागत नाही.

यावरून इथे सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. २०१२ साली वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये व्हीलचेअरवरच्या एका गृहस्थांना चढायचं होतं. त्या जागेत एका बाईंची बाबागाडी होती, आत बाळ झोपलेलं. गाडीची घडी होत नाही, असं सांगून त्या हलल्या नाहीत. ड्रायव्हरने एकदा विनंती केली आणि विषय सोडला. गृहस्थ मागे राहिले. १८ जानेवारी २०१७ ला निकाल आला: नुसती एक विनंती करून ड्रायव्हरने हात झटकणं पुरेसं नाही. समोरच्याचा नकार अवाजवी वाटला तर त्याने ठाम शब्दांत सांगावं, गरज पडली तर बस काही मिनिटं थांबवूनही ठेवावी.

हा निकाल वाचून मी त्या आईच्या बाजूने विचार करून पाहिला. झोपलेलं बाळ उठवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तरीही मला न्यायालयाचंच पटलं, कारण ही जागा आम्हाला आयतीच मिळाली आहे. १९९० च्या दशकात इथल्या अपंग कार्यकर्त्यांनी बसना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेऊन रस्ते अडवले होते. १९९५ ला अपंगांशी भेदभाव करण्याविरुद्धचा कायदा आला, २००० साली बसच्या रचनेचे नियम आले, आणि २००५ च्या डिसेंबरात पायऱ्यांच्या जुन्या रूटमास्टर बस लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरून हटवल्या गेल्या. पायऱ्यांच्या बसमध्ये आईला फुटपाथवरच गाडी मिटून, पोर काखेत घेऊन चढावं लागायचं. आज मी चाकं न उचलता बसमध्ये शिरते ती त्या लोकांच्या भांडणामुळे. त्यांनी मिळवलेल्या जागेवर मी पाहुणी आहे, आणि यजमान आले की उठायचं हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्याकडे एसटीत कडेवर पोर घेतलेली बाई उभी राहिलेली मी क्वचितच पाहिली आहे. "ताई, बसा" म्हणत कुणीतरी उठतंच. इथे पुष्कळदा फोनमधली मान वर यायला वेळ लागतो. पण लहानपणापासून इतके एसटीचे प्रवास करूनही व्हीलचेअरवरचं माणूस चढताना मी कधी पाहिलं नाही, आणि ते का दिसत नाही हा प्रश्न तेव्हा मला पडलाही नाही.

तर दुकानात गेल्यावर मी पहिली परीक्षा घडीची घेतली. विक्रेते गाडीची घडी फार झोकात घालून दाखवतात, पण त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात. मी लेकीला डाव्या कडेवर घेतलं आणि एकट्या उजव्या हाताने प्रयत्न केला. काही गाड्यांना हँडलवरचं बटण दाबून ढकललं की त्या आपोआप खाली बसतात. काहींना आधी पाठ सरळ करा, मग छत मिटा, मग वाकून पट्टा ओढा. वाकायला लागलं की संपलं, कारण कडेवरचं पोर आपल्याबरोबर झुकतं आणि समोरचं काहीतरी धरतं. आणखी एक गोष्ट दुकानात लक्षात येत नाही: खालची टोपली भरलेली असेल तर कितीतरी गाड्या मिटतच नाहीत. मी स्वतःची पर्स आणि पाण्याची बाटली टोपलीत टाकून पाहिलं. घडी घातल्यावर गाडी स्वतःच्या आधाराने उभी राहते का, हेही पाहा. नाहीतर चालत्या बसमध्ये ती पायाने दाबून धरावी लागते.

वजनाचं म्हणाल तर लेबलवरच्या आकड्यावर मी गेले नाही. भारतात जाताना बॅगा तोलायला आपल्या सगळ्यांकडे तो हुकाचा काटा असतो ना, तोच सोबत नेला. आम्हाला आवडलेली गाडी छत, पुढचा दांडा, पावसाचं प्लॅस्टिक धरून साडेसहा किलो भरली. दुकानातल्या मुलीने आधी आश्चर्याने पाहिलं, मग दुसऱ्या एका गाडीचं वजनही माझ्याकडूनच करून घेतलं.

हलक्या गाड्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक छत्रीसारख्या लांब मिटणाऱ्या, दोन वेगळ्या मुठींच्या. त्यांचा जनक ओवेन मॅक्लॅरन हा इंग्रज विमान अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर लढाऊ विमानांच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केलं होतं. मुलगी नातवंडाला घेऊन मॉस्कोहून आली तेव्हा तिची अवजड गाडी पाहून त्याने जेमतेम तीन किलोंची ॲल्युमिनियमची गाडी बनवली. १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला. आजोबाने नातवंडासाठी केलेली वस्तू जगभर गेली याचं मला फार अप्रूप आहे. तरीही मी ती घेतली नाही. दोन मुठी म्हणजे दोन्ही हात लागणार, आणि माझा एक हात कायम लेकीच्या टोपीमागे, पडलेल्या बुटामागे असतो. दुसरा प्रकार एका सलग हँडलच्या, चौकोनी घडीच्या गाड्यांचा. ती एका हाताने ढकलता येते, वळवता येते. आम्ही ती घेतली.

बिजागऱ्या मात्र दोन्ही प्रकारांत बारकाईने पाहा. २००९ साली अमेरिकेत मॅक्लॅरन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सुरक्षा-आवरणं द्यावी लागली होती, कारण गाडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याचे प्रकार घडले होते. जुनी गाडी वापरायला घेणार असाल तर आधी हे तपासा. मी घरी नियमच केलाय: गाडी उघडताना-मिटताना लेक कडेवर किंवा नवऱ्याकडे, गाडीजवळ उभी नाही. लेबलवर 'ईएन १८८८' हे युरोपीय मानक आहे ना तेही बघा. त्याचा पहिला भाग १५ किलोंपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा २२ किलोंपर्यंत. गाडी तीन-चार वर्षांच्या पोरासाठी वापरायची असेल तर हा फरक महत्त्वाचा.

हलकेपणाची किंमतही असते. चाकं लहान, त्यामुळे खडीवर आणि दगडी फरशांवर गाडी अडते. हँडलला पिशव्या अडकवून पोराला उचललं की गाडी मागे उलटते. छत तोकडं असतं, आणि म्हणून उन्हाळ्यात लोक वरून मलमलचं कापड टाकतात. ते अजिबात करू नका, आत हवा कोंडून बाळ तापतं.

भुयारी रेल्वेचं वेगळं. १८६३ साली सुरू झालेली ही व्यवस्था, २७२ स्थानकं, आणि जेमतेम एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांशिवाय फलाटापर्यंत जाता येतं. पण इथेच मला लंडन आवडतं. जिन्याच्या तोंडाशी थबकलं की कुणीतरी न विचारता पुढची बाजू धरतं, वर नेऊन ठेवतं आणि आभार ऐकायलाही थांबत नाही. त्यांना एवढंच सांगते, पुढच्या दांड्याला नको, खालच्या चौकटीला धरा. तो दांडा खटक्याने निघणारा असतो, त्याला धरून गाडी उचलली तर तो हातात येऊ शकतो.

सासूबाईंचा आणखी एक मुद्दा माझ्या मनात राहिला आहे. "पोर पुढे तोंड करून, तू मागे. बोलणार कुणाशी ती?" २००८ साली डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनी ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या अडीच हजारांहून अधिक जोड्यांची निरीक्षणं घेऊन हेच मांडलं होतं: बाळाचं तोंड आपल्याकडे असेल तर आया त्याच्याशी बोलत असण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. माझ्या सासूबाईंना ते न वाचताच कळलं होतं. बहुतेक हलक्या गाड्यांची बैठक मात्र फिरत नाही, आमचीही नाही. पहिले सहा-आठ महिने दणकट गाडीत ती माझ्याकडे तोंड करूनच होती, आणि आता तिलाच समोरचे कुत्रे, कबुतरं, लाल बस बघायच्या असतात. मी दर सिग्नलला वाकून तिच्याशी मराठीत बोलते. आजूबाजूचे बघतात, बघू देत.

गाडीला अडीचशे पौंड पडले. शंभराच्या आतल्याही होत्या, चारशेच्या पुढच्याही. रुपयांत रक्कम मोठी वाटते हे मला माहीत आहे, पण रोज दोनदा वापरायची वस्तू आहे आणि ती आता दाराआड, कोटांच्या खाली मावते.

डिसेंबरात पुण्याला येताना तीच आणणार आहे. 'केबिनमध्ये चालते' ही जाहिरात सरसकट खरी मानू नका. प्रत्येक विमान कंपनीची मापं वेगळी, आणि घडी घातलेली गाडी ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरच्या चौकटीत बसेलच असं नाही. आमची रुंदीला जास्त भरते. म्हणून मी विमान कंपनीला मापं कळवून विचारलं. विमानाच्या दारापर्यंत गाडी वापरता येईल, तिथे टॅग लावून घेतील, पण मुंबईत ती दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर हे त्या दिवशीच कळेल, असं उत्तर आलं. पट्ट्यावर मिळाली तर इमिग्रेशनच्या रांगेत लेक कडेवरच राहणार, म्हणून बाळाला अंगाशी बांधायची झोळीही हातातल्या बॅगेत घेतेय.