गाईच्या टोपल्यातल्या पोळ्या

आमच्या घरी अन्न वाया जात नाही, असे मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. कारण उरलेली पोळी, भात, भाजीचे देठ हे सगळे संध्याकाळी गाईच्या टोपल्यात जाते आणि टोपले रिकामे झाले की आपले मनही मोकळे होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेक घरांचा हाच हिशेब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरगुती नासाडीचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिलेला आहे. जनावरांच्या तोंडी जाणारे अन्न त्या व्याख्येत धरलेले नाही, म्हणजे कागदावर आम्ही निर्दोष ठरतो. तरीही पोळीचा गहू काही गाईसाठी दळलेला नसतो, शिवाय पोळी-भात फार झाला तर तिचे पोट बिघडते ते वेगळेच.

म्हणून मी टोपल्याखाली इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला आणि दोन आठवडे रोजचे वजन मोबाईलमध्ये टिपून ठेवले. बाजाराच्या दिवशी टोपले हमखास जड भरत होते, कारण त्या दिवशी घरातले दोघे बाहेरच खाऊन येत आणि ते आम्हाला ताटे मांडल्यावर कळे. दोष रांधणाऱ्या हाताचा नव्हता, निरोप न पोचण्याचा होता. आता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला ‘जेवायला कोण?’ एवढेच विचारले जाते. शेतात रेंज नसली की उत्तर उशिरा येते, पण येते.

फ्रिजने मात्र माझी निराशा केली. मे महिन्यात दुपारभर वीज गेली, तेव्हा आत ठेवलेल्या थर्मामीटरवर संध्याकाळी १४ अंश दिसले. शिजवलेले अन्न ५ अंशांच्या खाली राहायला हवे. तेव्हापासून वीज बराच वेळ गेली की उरलेल्या वरणावर मी विसंबून राहत नाही. भाजीसाठी अंगणात विटांच्या दोन भिंती उभारून मधल्या फटीत वाळू भरली आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवू लागले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला हा शून्य ऊर्जा शीतकक्ष. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जाते, हेच आपल्या कूलरचे आणि माठाचेही तत्त्व. वैशाखात दुपारपर्यंत माना टाकणारा सांभार, म्हणजे कोथिंबीर, त्यात तीन-चार दिवस टवटवीत राहिला. श्रावणात हवाच ओली असते, तेव्हा त्याचा फारसा उपयोग होत नाही.

“मोजून रांधलं तर घराची बरकत जाते,” असे सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. ग्रुपवरचा आकडा त्या आता आवर्जून विचारतात आणि त्यावर दोन पोळ्या जास्तीच्या लाटतात. अवचित कोणी दारात आला तर त्याला उपाशी पाठवायचे नाही, हे त्यांचे गणित आहे आणि त्या दोन पोळ्यांचे वजन मी करत नाही.