सुटलेलं वचन

चर्चचा पाळक घरभेटीला जातो तेव्हा निम्मा वेळ काय करतो, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसेल. चहा पितो, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं ऐकतो, दुबईतल्या मुलाचा फोन येत नाही हे ऐकतो. शास्त्रवाचन आणि प्रार्थना मिळून दहा मिनिटं. त्यामुळे भायखळ्याच्या त्या चाळीत काकू दारातच म्हणाल्या, "सलाम पाळकसाहेब, चहा नंतर. आधी एकोणसाठ वाचा," तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

काकू सत्तरीच्या, एकट्या. खोली पागडीची, भाडेपावती अजून गेलेल्या नवऱ्याच्या नावावर. चाळ पाडून टॉवर व्हायचाय. मजल्यावर सगळ्यांच्या संमतीपत्रांवर सह्या झाल्या, काकूंची राहिली. रोज दिवेलागणीला तीन-चार पोरं जिन्याच्या तोंडाशी येऊन बसतात. बोलत काही नाहीत. कोण आलं, कोण गेलं, बघत राहतात. चौकीत गेलं तर म्हणतात, बसलेत ना नुसते, मग गुन्हा कसला लावू? आमच्या चर्चच्या पंचांच्या मते ही 'घरगुती बाब'. काकूंचं म्हणणं, पोरांना बसवणारा त्यांचा सख्खा पुतण्या. तो त्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहतो आणि रविवारी आमच्या उपासनेत तबला वाजवतो.

बायबलमधल्या स्तोत्र ५९ चा मथळाच सांगतो, की राजा शौलाने दावीदाला ठार मारायला माणसं पाठवली आणि त्यांनी त्याच्या घरावर पाळत ठेवली, तेव्हाचं हे गीत. गोष्ट बायबलच्याच १ शमुवेल या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. बायको मीखल त्याला खिडकीतून खाली सोडते, बिछान्यात घरातली मूर्ती निजवते, उशाशी बकऱ्याचे केस लावते, वर पांघरूण घालते. शौल तिचा बाप. वैरी म्हणजे घरचा सासराच. हे मी रंगवून सांगितलं आणि काकू एवढंच म्हणाल्या, "अगदी."

स्तोत्रांचं मूळ हिब्रू मला येतं याचा मला थोडा गर्व आहे. पाळकांच्या सेमिनरीत घासलेलं हे हिब्रू मंडळीत वर्षातून एकदा कामी आलं तरी पुष्कळ, म्हणून संधी मिळाली की मी सोडत नाही. मथळ्यात शौलाची माणसं पाळत ठेवतात, त्या क्रियापदाचा धातू 'शामर'. नवव्या वचनात दावीद देवाला म्हणतो, मी तुझ्याकडे डोळे लावून बसेन. तिथेही तोच धातू. ते माझ्यावर टपलेत, मी तुझी वाट पाहतोय. शेवटच्या, सतराव्या वचनात ती ओळ जवळजवळ जशीच्या तशी परत येते, फक्त 'एश्मोरा'च्या जागी 'अझम्मेरा' येतं. वाट पाहीनच्या जागी गाईन. मराठीत हा खेळ उतरत नाही, त्यात भाषांतरकारांचा काही दोष नाही.

"म्हणजे मीपण पाळतच ठेवायची," काकू म्हणाल्या. "बरं."

मी वाचू लागलो. अकराव्या वचनात दावीद म्हणतो, त्यांना मारून टाकू नकोस, नाहीतर माझे लोक विसरतील. या वचनाचा मला नेहमी आधार वाटतो. बारावं वाचलं आणि मी थेट चौदाव्यावर गेलो. ही आम्हा पाळकांची जुनी सवय, कबूल कुणी करत नाही. रोमन कॅथलिकांनी निदान उघडपणे केलं. १९७१ च्या त्यांच्या दैनिक प्रार्थनाविधीत ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापस्तोत्रं गाळली. आम्ही जिभेवरच गाळतो. दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲपवरचे प्रचारक: शत्रू हटवायचाय? अमुक स्तोत्र सात वेळा म्हणा आणि पुढे पाठवा. देवाला सुपारी दिल्यासारखं.

"पाळकसाहेब, एक वचन सुटलं."

बोट तेराव्यावर होतं. मग त्यांनीच वाचलं: क्रोधाने त्यांना संपव, ते उरणार नाहीत असं संपव.

मी ढाल शोधली. मथळ्यात 'अल-तश्हेथ' असे शब्द आहेत, अर्थ 'नाश करू नकोस'. ५७, ५८, ५९ आणि ७५ या चारही स्तोत्रांवर ते आहेत, बहुधा चालीचं नाव असावं. म्हणजे बघा काकू, गायचंच मुळी 'नाश करू नकोस'च्या चालीवर.

"चाल एक आणि शब्द भलतेच, असं होतं की. तुमच्या तबलजीला विचारा."

मग मी दावीदावर आलो. शौल दोनदा तावडीत सापडला, एन-गेदीच्या गुहेत आणि रात्री छावणीत. दोन्ही वेळा दावीदाने हात आवरला, न्याय देवावर सोडला.

"त्याच्याकडे तलवार होती. माझ्याकडे काय आहे सोडायला?"

मला उत्तर सुचलं नाही. प्रार्थना केली, सर्वांना सद्बुद्धी दे म्हणालो. काकूंचं आमेन ऐकू आलं नाही. चहा मात्र आला, आलं घातलेला. निघताना म्हणाल्या, "रविवारी आळीपाळीच्या वाचनाला एकोणसाठ लावा."

मी लावलं. त्यांचा मान राखायला लावलं, की खोलीत जे बोलता आलं नाही ते मंडळीच्या तोंडून वदवायला, हे अजून मला नीट सांगता येत नाही. आमच्याकडे विषम वचनं पाळक वाचतो, सम वचनं मंडळी. म्हणजे तेरावं माझ्याच वाट्याला. आणि संध्याकाळी कुत्र्यांसारखे गुरगुरत परत येतात, नगरभर हिंडतात, हे सहावं आणि चौदावं मंडळीच्या. दोन्ही वेळा तबल्याच्या बाजूचा आवाज सगळ्यात खणखणीत. काकू चौथ्या बाकावर, मान खाली, बोट ओळीवर. मी तेरावं वाचलं. या खेपेला गाळलं नाही.

उपासना संपल्यावर पुतण्या डग्ग्यावर कापड घालता घालता म्हणाला, "बरं झालं तुम्ही हे स्तोत्र घेतलंत. आमच्याच घरचं आहे. ती जिन्यातली पोरं बघितलीत ना? काकू सही करत नाही म्हणून माझ्यावर बसवलीत. माझी मुलगी सातनंतर नळावर जात नाही. काकूच्या कानात कोण भरवतं, देवालाच ठाऊक. बुधवारी आमच्याकडे या प्रार्थनेला, हेच वाचू. आणि पाळकसाहेब, तेरावं जरा मोठ्याने वाचा. आज मागे ऐकू आलं नाही."