शिंजिराचं घरटं आणि आईची चिंध्यांची पिशवी

परवा एका मैत्रिणीने विचारलं की तुझ्या कोलाजच्या कामात इतकी घरटी का येतात, पक्षी काढतेस तरी पक्षी दिसत नाही. तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं आणि मग घरी येईपर्यंत डोक्यात तेच, म्हणून आज नीट लिहून काढतेय.

पुण्यात सहकारनगरमधली आमची जुनी सोसायटी, तीन मजली, लिफ्ट नाही, मागे तळजाईची टेकडी. बाल्कनीत कपडे वाळत घालायची तार होती आणि एका फेब्रुवारीत त्या तारेच्या टोकाला शिंजिराच्या मादीने घरटं बांधायला घेतलं. जांभळा शिंजीर, उन्हात निळा-जांभळा चमकतो तो त्यातला नर, मादी साधी, वरून मातकट आणि खालून पिवळसर, आणि बांधकाम सगळं तिचं एकटीचं. आईने त्या दिवसापासून तार वापरणं बंद केलं. दीड महिना कपडे आतल्या खोलीत दोरीवर वाळले, बाबा एकदा कुरकुरले तर "तिची पिल्लं उडू देत, मग बोला" एवढंच म्हणाली.

मी खिडकीच्या आत स्केचबुक घेऊन बसायचे. आधी नुसतं कोळ्याचं जाळं, चोचीत गोळा करून आणायची आणि तारेला गुंडाळायची, मग त्या चिकट जाळ्यात वाळलेली पानं, सालीचे तुकडे, गवताच्या काड्या, अळ्यांच्या लेंड्यासुद्धा. एक दिवस कागदाचा कपटा आणला. आणि एक दिवस गुलाबी दोरा, तो आईच्या शिलाई मशीनखालचा, मी बघितल्या बघितल्या ओळखला कारण त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचा त्या रंगाचा ब्लाऊज मशीनवर होता. घरट्याला बाजूने दार, दारावर पुढे आलेली छोटीशी पडवी, आतून कापसाचं अस्तर, आणि खाली एक लांब शेपूट लोंबतं सोडलेलं, सगळ्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं तारेला कचरा अडकलाय.

तोपर्यंत मी पक्षी काढायचे म्हणजे पीस न् पीस, महागाचे रंग, महागाचा कागद, आणि चित्र पूर्ण झालं की काहीतरी मेल्यासारखं वाटायचं. ते घरटं बघताना कळलं की मला पक्षी काढायचाच नाहीये, तो जसं बांधतो तसं बांधायचंय. घराच्या आसपास जे पडलंय त्यातून.

आणि आमच्या घरात पडलेलं काय, तर आईची चिंध्यांची पिशवी. तीस वर्षं ब्लाऊज शिवले तिने, प्रत्येकाचा तुकडा त्या पिशवीत आहे, खण, पैठणीचा काठ, अस्तराचं मलमल. शिवाय ब्राऊन पेपरचे कटिंगचे नमुने, त्यावर तिच्या अक्षरात "छाती ३४, बाही ५॥" आणि खाली बाईचं नाव (ती नावं मी कायम झाकते, ती त्या बायकांची आहेत). बाबांच्या पत्र्याच्या डब्यात पीएमटीची, म्हणजे पुण्याच्या जुन्या सिटी बसची, तिकिटं निघाली, २००७ ला पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली त्याच्या आधीची, इतका पातळ कागद की खळ लावली की खालचं सगळं दिसतं. मला तो थर फार आवडतो.

खळीवरून आठवलं. पहिल्या पावसाळ्यात माझी कोलाजची चार पॅनेल बुरशीने गेली, नुसत्या मैद्याच्या खळीने चिकटवलेली. आईने वास घेतला आणि म्हणाली, "मोरचूद घातलं नव्हतंस का गं?" आजोबा बाइंडिंग करायचे, त्यांच्या खळीत बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) असायचंच. आता मीही घालते, पण ते विषारी असतं म्हणून भांडं वेगळं ठेवलंय, लेकीच्या हाताला लागणार नाही असं.

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सामान हलवायच्या आधीचे तीन दिवस मी फक्त रबिंग केली, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला पातळ कागद बाल्कनीतल्या शहाबादी फरशीवर ठेवून वरून काळा क्रेयॉन आडवा घासत. कागदावर हळूहळू फरशीचे खवले उमटले, मग पाटा ठेवायची जागा, तिथे दगड गुळगुळीत झालेला त्यामुळे तेवढा भाग एकसारखा सपाट काळा उमटला. बाबा नव्हते तेव्हा. आई शेजारी बसून कागदाचा कोपरा धरून होती, काही बोलली नाही. मागची झाडं नंतर तोडली, त्याबद्दल मला आत्ता लिहवत नाही.

घरटं मी काढून आणलं नव्हतं, पिल्लं उडाल्यावरसुद्धा नाही, ते पावसातच गळून गेलं. पण त्या रबिंगवर मी ते पुन्हा बांधलं. खाली फरशी, त्यावर तिकिटं, त्यावर खणाचे तुकडे धावदोऱ्याने शिवलेले, टाके आईचे, कारण माझे सरळ येतात आणि तिचे वयामुळे आता थोडे वाकडे पडतात आणि मला तेच हवे होते. शेपूट लेकीने केलं, पॅनेलच्या खाली वीतभर लोंबणारं, तिच्या वहीचे कपटे, गुलाबी दोरा, आजीच्या पिशवीतलं जे हाताला लागेल ते.

फ्रेम करायला नेलं तर दुकानदार म्हणाले, ताई, हे खालचं कापून टाकू का, फ्रेममध्ये बसत नाही. मी तसंच परत आणलं. आता भाड्याच्या घरात हॉलमध्ये साध्या खिळ्याला टांगलंय आणि पंखा दोनवर केला की शेपूट हलतं.