पाचवी सवाष्ण

वहिनींचा राग आलेला नाही, हे आधी लिहून टाकते. राग आला असता तर सोपं होतं. दोन दिवस अबोला धरला असता, मग त्यांनीच काहीतरी निमित्त काढून फोन केला असता आणि मिटलं असतं. हे तसं नाही. दाताखाली खडा यावा तसं सकाळपासून झालंय, आणि चारचौघांत घास थुंकताही येत नाही.

घडलं ते एवढंसं. भाचीच्या लग्नाचा घाणा भरायचा होता, पाच सवाष्णींनी उखळात हळद कुटायची होती. उखळ धुऊन मांडलं, दोन्ही मुसळांना आंब्याचा डहाळा आणि हळकुंड बांधलं, सुपाला कुंकवाची बोटं ओढली. सगळं मीच केलं, कारण आता घरात हे नीट येणारं दुसरं कोणी राहिलं नाही. मग वहिनी सवाष्णी मोजायला लागल्या. काकी, त्यांची थोरली जाऊ, समोरच्या बंगल्यातल्या ताई आणि त्या स्वतः, अशा चार झाल्या. पाचवीसाठी त्यांची नजर खोलीभर फिरली, माझ्यापाशी आली, जरा थांबली आणि पुढं गेली. खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेला हाक गेली. ती बिचारी ओल्या केसांनीच धावत वर आली.

"वन्सं, तुम्ही तेवढं चहाचं बघता?"

मी चहाचं बघितलं.

आता खोलीवर येऊन बसलेय. सहा किलोच्या चटणीची ऑर्डर उद्या द्यायची आहे, पिशव्या भरायच्या आहेत, आणि मी वही काढून बसलेय. माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे. वहिनींनीच परवा कासारीण बोलावून सगळ्यांबरोबर मलाही हिरवा चुडा भरायला लावला. हे बावड्यात धडधाकट आहेत, सकाळीच फोन करून विचारत होते, आहेराचं पाकीट घेतलंस का म्हणून. कुठल्याही हिशेबानं मी सवाष्ण आहे. मग पाचवी मी का नाही?

का नाही ते मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही विचारतेय.

आजी सांगायची, आपल्यात बाईचं दुसरं लग्न कधी बंद नव्हतं. ते बामणांत बंद होतं. आपल्यात पाट लागायचा. पण तो लागायचा रात्रीचा, वाजंत्रीशिवाय, हळदीशिवाय, चार माणसांत. आणि पाटाची बाई घरात कितीही राबली तरी लग्नघरच्या मुसळाला तिचा हात लागू द्यायचे नाहीत. भाकरी बडवायला चालायची, दळणाला चालायची, शेतात तर हवीच. आजीनं हे सांगताना तक्रारीचा सूर कधी लावला नाही. पाऊस कधी येतो ते सांगावं तसं सांगायची. त्या वेळी मी शाळेत जाणारी पोर, मला ती दुसऱ्या कुठल्या काळातली गोष्ट वाटायची.

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला आणि १९१९ साली काडीमोडाचा. सगळ्या हिंदू बायकांना कायद्यानं घटस्फोट मागता यायला १९५५ साल उजाडलं. आमच्याकडं ते छत्तीस वर्षं आधी झालं होतं. दसरा चौकातून जाताना महाराजांच्या पुतळ्याकडं बघून मी अजूनही हात जोडते, आणि मनापासून जोडते. माझी दोन लग्नं त्यांच्या पुण्याईवर उभी आहेत असं मला वाटतं. पण कायदा कोर्टाच्या पायरीपर्यंत येतो. सवाष्णी मोजायला घरात येत नाही.

हेरवाडचा ठराव झाला तेव्हा मी रडले होते. २०२२ चा मे महिना, महाराजांचं स्मृतिशताब्दीचं वर्ष. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या ग्रामपंचायतीनं ठरवलं की नवरा गेला म्हणून कुणा बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र नि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसंच करायला सांगितलं. पेपरातलं ते कात्रण माझ्या गल्ल्याच्या डब्यात आहे. कागलच्या घरी, पहिल्या सासरी, माझ्या बांगड्या कुणी फोडल्या, कशा फोडल्या... ते आज नको.

पण हेरवाडच्या ठरावातही मी कुठं बसते ते मला कळत नाही. मी विधवा होते, मग घटस्फोटित झाले, आता पुन्हा कुणाची तरी लग्नाची बायको आहे. विधवेची लोकांना कीव तरी येते. माझ्याकडं बघताना लोक मनातल्या मनात मोजतात. एक, दोन, तीन. आकडा तोंडावर दिसतो. दोनवर भुवई चढते, तीनवर हसू येतं. तीन लग्नं झालेले पुरुष आमच्याच भावकीत आहेत, त्यांच्या मांडीवर बसवून पोरांचे कान टोचले जातात.

मला वाटतं, सगळ्यात जास्त हेच टोचतं, की लोकांना तीन लग्नं म्हणजे एकच गोष्ट तीनदा चुकली असं वाटतं. तसं नव्हतं. तिन्ही घरं वेगळी होती आणि तिन्ही वेळा आत जाणारी मीही वेगळी होते.

कागलला गेले तेव्हा प्रेम म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. बारावीचा निकाल लागायच्या आत अक्षता पडल्या. ते चांगले होते. रात्री उशिरा आले तर चूल पेटवू द्यायचे नाहीत, गार भाकरी नि ठेचा खायचे, एवढं आठवतं. माणूस कळायला लागेपर्यंत हायवेवर ते सगळं संपलं. त्यांच्या चेहऱ्याआधी मला त्यांची मोटारसायकल आठवते, याचं फार वाईट वाटतं. पाळणाही होता त्या घरात. असो.

इचलकरंजीला गेले ती स्वतःच्या पायानं. जातीबाहेर, घरच्यांच्या विरोधात. ते प्रेम होतं. कुणी काहीही म्हणू दे, मी ते नाकारणार नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही म्हणून तो कानाशी येऊन बोलायचा, आणि मला वाटायचं जगात आपल्याइतकं कुणाचं कुणाशी जवळचं नाही. त्याच घरात मी चटणीचा धंदा सुरू केला. कागलच्या सासूनं निघताना माझा कोल्हापुरी साज मला परत दिला होता. एकवीस पानांचा, दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि मधलं डोरलं. तो गुजरीत सोनाराकडं नेऊन मोडला आणि आलेल्या पैशांतून ब्याडगी मिरची घेतली, संकेश्वरी घेतली, खोबरं, तीळ, धणे घेतले. पहिल्या उन्हाळ्यात मिरची कुटायच्या डंकावर रांगेत उभी राहून नाकातोंडात तिखट गेलं तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. धंदा चालला. पैसे आले. पासबुक मात्र त्याच्या कपाटात असायचं.

मी मागितलं की म्हणायचा, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" यावर काय बोलणार? विश्वास होता. पण माझ्या हातानं निवडलेल्या, भाजलेल्या, कुटलेल्या मिरचीचे पैसे किती झाले हे मला त्याला विचारून समजायचं. मिरची घ्यायला मार्केट यार्डात गेले तरी कुणाशी बोललीस, किती वेळ बोललीस. त्याला वाटायचं हेच प्रेम. मलाही बरीच वर्षं तसंच वाटलं. शेवटी दोघांनी मिळून सह्या केल्या, कलम १३-ब, परस्पर संमती. कायदा सहा महिने थांबायला लावतो, विचार बदलायला म्हणून. त्या सहा महिन्यांत तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा पायरीवर बसून रडला. मीही रडले. पण पासबुकाचं नाव त्यानं काढलं नाही.

त्या काळात माहेरचं कोण उभं राहिलं? वहिनी. हे मला आज विसरता येत नाही म्हणून तर राग येत नाहीये. दादा बोलत नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली. वहिनी एसटीनं इचलकरंजीला यायच्या, पिशवीत तांदूळ, डाळ, एकदा तर स्वतःची दोन नवी लुगडी. "तुमच्या भावाला सांगू नका" एवढंच म्हणायच्या. कोर्टाच्या तारखेला माझ्याशेजारी बाकावर त्याच बसल्या होत्या. त्याच बाईची नजर आज माझ्यापाशी थांबून पुढं गेली.

पोरीच्या काळजीनं गेली, मला दिसलं. तिच्या संसाराला माझ्या हाताचं काही लागू नये. माया केली ती वेगळी आणि मुसळाला हात लावू दिला तर ते वेगळं. वहिनींच्या मनात ही दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

आणि माझ्या मनात काय राहतं? या सगळ्यावर माझा विश्वास नाही म्हणते मी. पाच सवाष्णींनी हळकुंड कुटलं म्हणून कुणाचा संसार तरला आणि चार असल्या म्हणून बुडला, असं मी बघितलेलं नाही. माझ्या पहिल्या लग्नात पाचाच्या सात होत्या. मग त्यांनी मला मोजावं असं इतकं का वाटलं? चहा गाळताना हात का थरथरला? बावड्याला या माणसाशी लग्न केलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं की माझी खोली, माझा धंदा, माझं खातं माझं राहील, आणि त्यांनी पहिल्या भेटीतच "ते तर राहणारच" म्हणून विषय संपवला होता. शनिवार-रविवार मी बावड्यात असते, बाकीचे दिवस इथं. उन्हाळ्यात तर त्यांनाच इथं यावं लागतं, मिरचीची देठं काढायला. खुर्ची घेऊन बसतात, चष्मा लावून एकेक देठ खुडतात, फार सावकाश. मला पाहिजे होतं ते मिळालं आहे. तरी त्या उखळाभोवतीची पाचवी जागा मला पाहिजे होती. हे मी लपवणार नाही, निदान वहीपासून तरी.

संध्याकाळी येताना महाद्वारातून अंबाबाईला गेले. ती विष्णूची लक्ष्मी की स्वतःच आदिशक्ती, यावर आमच्या गावात वाद आहे आणि तो माझ्या हयातीत मिटेल असं वाटत नाही. पण लहानपणापासून ऐकलेली कथा मला प्रिय आहे. भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णू काही बोलला नाही, म्हणून ती रुसून निघाली आणि इथं येऊन राहिली. अजून इथंच आहे. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, तो घेते, आणि राहते आपल्याच गाभाऱ्यात. ती परत का गेली नाही असं तिला कुणी विचारत नाही. सगळं कोल्हापूर तिची ओटी भरतं. मी रांगेत उभी राहून तिच्याकडं बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटातला पीळ सैल झाला. आपल्यासारखी आहे असं म्हणण्याइतकी माझी हिंमत नाही. पण बरं वाटलं.

आणि घरी येता येता आठवलं की सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती, जी मी दुःखात बाजूलाच टाकली. त्या पाच जणींना ओव्या येत नव्हत्या. काकी पहिली देवाची ओवी म्हणून अडकल्या. नव्या सुनेला तर मोबाईलवर शोधायचं होतं. मुसळं नुसतीच वाजायला लागली. तेव्हा स्वयंपाकघरातून मी सांगायला लागले. एक ओळ मी म्हणायची, मागून त्या म्हणायच्या. आजीची ओवी, आईची, भावाची, नवरीच्या मामाची. चहा उतू गेला तरी मी थांबले नाही. उखळात हळद त्यांनी कुटली, पण माझ्या आवाजावर कुटली. वहिनी मधेच दारात आल्या, पदरानं डोळे पुसत होत्या, आणि "अजून एक सांगा, तिच्या आत्याची" म्हणाल्या. आत्याची ओवी मला आजीनं शिकवलेली नव्हती. मी तिथल्या तिथं जोडली.

वहिनींना मी यातलं काही बोलणार आहे का? लग्न उरकू दे. बोलेन बहुतेक. त्यांना वाईट वाटेल, पण इचलकरंजीच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईशी खोटं हसत राहणं मला जमायचं नाही.

पोरीला द्यायचं ते मात्र ठरलं. साज करायचा विचार होता, वहिनींची इच्छाही तीच. पण तेवढ्या रकमेची मुदत ठेव करणार आहे, तिच्या एकटीच्या नावावर. वहिनी म्हणाल्या, लग्नानंतर आधारवर नवीन नाव चढलं की मग करू, उगाच दोनदा कागद कशाला. मी ऐकलं नाही. आत्ता आहे त्या नावानं होईल, आणि ठेवीची पावती तिच्या पर्समध्ये राहील. मघाशी तिला फोन केला. उद्या संध्याकाळी हळद लागायच्या आत बँकेतलं काम झालं पाहिजे, अकराला शाखेच्या दारात ये म्हटलं.

"आई ओरडेल गं आत्या, घाणा भरल्यावर नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो म्हणे."

"मग?"

"मग काय, येते."

आधार, पॅन कार्ड आणि दोन फोटो घेऊन ये म्हणून सांगितलं.