उन्यासी की नवासी

परवा मावशीने फोनवर विचारलं की तू त्या कंपनीत नक्की करतेस काय, आणि मी नेहमीसारखं "मावशी, माल पोचवायचं काम" म्हणून मोकळी झाले. पण फोन ठेवल्यावर वाटलं की एकदा नीट लिहूनच काढावं, कारण कार्गो कंट्रोलर हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं मी गोडाऊनमध्ये उभी राहून खोके मोजते. खोके मी बघतसुद्धा नाही. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या ऑफिसात दोन स्क्रीन आणि दोन फोन घेऊन बसते आणि आमच्या पार्टीचा, म्हणजे माल पाठवणाऱ्या ग्राहकाचा, माल फॅक्टरीच्या दारातून न्हावा शेवा बंदराच्या गेटच्या आत वेळेत जातोय की नाही एवढंच दिवसभर, आणि बऱ्याचदा रात्रभर, बघते.

वेळेत म्हणजे कट-ऑफच्या आधी. प्रत्येक जहाजाची गेट बंद होण्याची वेळ ठरलेली असते, ती गेली की तुमचा कंटेनर बाहेर, मग जहाज बंदरातच उभं असलं तरी काही उपयोग नाही, पुढचं जहाज बघा. म्हणून आमचा सगळा हिशोब उलटा चालतो. समजा शुक्रवारी संध्याकाळी सहाला गेट बंद, तर गाडी शुक्रवारी सकाळी पोर्टच्या रांगेत पाहिजे, ठाण्याकडे अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात त्या धरायच्या, ड्रायव्हरची झोप धरायची, म्हणजे गुरुवारी दुपारी गाडी बडोद्याबाहेर निघालेली पाहिजे, म्हणजे सकाळी आठला फॅक्टरीत लागलेली पाहिजे, म्हणजे बुधवारीच एम्प्टी, म्हणजे रिकामा कंटेनर, उचललेली पाहिजे. आणि यातलं काहीही दोन तासांनी सरकलं की ते दोन तास कोणाच्या तरी खिशातून जातात. कोणाच्या, ते पुढे सांगते, कारण खरं तर मला त्याबद्दलच लिहायचंय.

आधी माझी चूक.

नोकरीला चार महिने झाले होते. आमची गाडी बडोद्याजवळ वरणामाकडे एम्प्टी कंटेनर उचलायला गेली होती. ड्रायव्हर चाचा मूळचे बिहारचे, पंचावन्नच्या आसपासचे, फार शांत माणूस. यार्डात मशीनचा आवाज, त्यात त्यांनी फोनवर कंटेनर नंबर सांगितला, आपण मोबाईल नंबर सांगतो तसा जोड्या-जोड्यांनी, "बावन, नवासी, चौदा", आणि मी लिहिलं ५२ ७९ १४. हिंदीत उन्यासी म्हणजे ७९ आणि नवासी म्हणजे ८९. आपल्याकडे एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, दोन्हीकडे वजाबाकी, त्यामुळे माझ्या कानाला "वासी"-"यासी" ऐकू आलं आणि डोक्याने आपोआप ऐंशीतून एक वजा करून टाकला. आमच्याकडे पार्टी गुजराती बोलते, ड्रायव्हर हिंदी, आणि घरात आम्ही पिढ्यानपिढ्या मराठी, तीन भाषांचे आकडे दिवसभर कानावर पडतात आणि मला याचं कौतुकच वाटायचं, त्यात असा खड्डा असेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तो नंबर माझ्या शीटमध्ये गेला, शीटमधून व्हीजीएमच्या मेलमध्ये गेला. व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन. १ जुलै २०१६ पासून समुद्रमार्गे जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरसाठी ते जगभर सक्तीचं आहे, त्याशिवाय जहाजावर चढवतच नाहीत. नवीन असताना मला हे उगाच वाढवलेलं कागदकाम वाटायचं, मग आमच्या एका सिनियरनी २००७ सालच्या एमएससी नेपोली जहाजाबद्दल वाचायला लावलं. इंग्लिश चॅनलमध्ये वादळात त्याचा सांगाडा तडकला आणि शेवटी ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर मुद्दाम टेकवावं लागलं. नंतर डेकवरचे कंटेनर तोलून बघितले तर सुमारे ६६० पैकी १३७ कंटेनरचं वजन सांगितलेल्यापेक्षा ३ टनांहून जास्त फरकाचं निघालं. म्हणजे कोणीतरी माझ्यासारखंच कुठेतरी बसून आकडा लिहिला होता. तेव्हापासून वजनकाट्याची चिठ्ठी हातात आल्याशिवाय मी वजन कोणाला सांगत नाही.

तर, चाचा शुक्रवारी अकराला पोर्टवर पोचले, अगदी वेळेत. गेटवर कळलं की या नंबरच्या कंटेनरचं व्हीजीएमच नाहीये. असणार कसं, ते दुसऱ्याच नंबरवर भरलेलं. "मॅडम, ये बोल रहे हैं आपके डिब्बे का वजन नहीं आया." मला पहिली दहा मिनिटं कळलंच नाही, मी त्यांनाच म्हणत होते की चाचा नीट बघा, भरलंय. मग त्यांनी दरवाजाचा फोटो पाठवला. सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, फोन, शिपिंग लाइनला मेल, दुरुस्ती, पुन्हा मेल, आणि दुरुस्ती होऊन आली तेव्हा सहाचा कट-ऑफ होऊन गेला होता.

कंटेनर पुढच्या आठवड्याच्या जहाजावर गेला. पैशाचा भाग कंपनीने सोसला, मला बोलणी बसली, ती बसायलाच हवी होती. पण चाचा दोन रात्री तिथे पार्किंगमध्ये अडकून राहिले कारण कंटेनर कुठे उतरवायचा हेच ठरत नव्हतं. त्यांना पैसे फेऱ्यांवर मिळतात. त्यांची परतीची फेरी गेली. ते मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

त्यानंतर मी कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा काढायला शिकले आणि हे प्रत्येक नवीन मुलाला मी पहिल्या दिवशी शिकवते. नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा असतो. तो सुटा आकडा आधीच्या दहांवरून निघतो. अक्षरांना किमती ठरलेल्या आहेत, ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, ११ आणि त्याच्या पटीतल्या संख्या गाळायच्या. मग पहिल्या जागेला १ ने, दुसऱ्या जागेला २ ने, पुढे ४, ८, १६ असं दुप्पट करत दहाव्या जागेला ५१२ ने गुणायचं, सगळ्याची बेरीज करून ११ ने भागायचं, जी बाकी उरते तो शेवटचा आकडा, बाकी १० आली तर ० लिहायचं. आता गंमत बघा, यातला एक आकडा जरी चुकला तरी बाकी बदलतेच, कारण त्या १-२-४-८ मधल्या एकालाही ११ ने भाग जात नाही. फक्त १० आणि ० ची तेवढी गल्लत होऊ शकते. म्हणजे माझ्या ७९ ची चूक त्या चौकटीतल्या आकड्याने तेव्हाच सांगितली असती, मी विचारलं नाही एवढंच. आता एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकलाय, नंबर चुकीचा असेल तर सेल लाल होतो. आणि फोनवर जोड्या बंद, एकेक आकडा सुटा सांगायचा, आणि दरवाजाचा फोटो पाहिजेच.

आता ते दोन तासांचं.

कट-ऑफ चुकला की सगळे पहिलं काय विचारतात? "गाडी कुठे अडकली?" आणि माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा आहे की गाडी हायवेवर क्वचित अडकते, ती फॅक्टरीच्या दारातच अडकलेली असते. सकाळी आठला लागलेली गाडी, माल तयार नाही, पॅकिंग चालू आहे, लाकडी पेटीवर उष्णता देऊन कीड मारल्याचा शिक्का नाही म्हणून पेटी बदला, जेवणाची सुट्टी, मग सही करणारे साहेब मीटिंगमध्ये. संध्याकाळी सातला गाडी सुटते आणि तिथून पार्टीचा फोन सुरू होतो की ड्रायव्हरला सांगा जरा खेचायला. जरा खेचायला! तो माणूस सकाळपासून आवारात उन्हात बसलाय, तिथे त्याला धड बसायला जागा नाही, पाण्याची टाकी गेटच्या आत आणि त्याला आत फिरायला मनाई, त्याला आराम झालेला नाही आणि आता त्याने रात्रभर सव्वाचारशे किलोमीटर चालवायचं, फॅक्टरीने घालवलेले अकरा तास त्याने झोपेतून भरून द्यायचे. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला, त्यात दिवसाला ८ तास काम, आठवड्याला ४८. मी हे एकदा एका पार्टीला फोनवर म्हणाले तर ते म्हणाले बेन, तुम्ही आमच्या बाजूने आहात की ड्रायव्हरच्या? मी म्हटलं मालाच्या बाजूने आहे, झोपलेल्या ड्रायव्हरच्या हातात तुमचा माल सुरक्षित नाही.

नोकरी लागल्यावर मीही म्हणायचे, "भैया, जल्दी". आता हे वाक्य मी वापरत नाही. आमच्या डेस्कवर कोणी वापरलं तर मी थांबवते.

त्याऐवजी मी फॅक्टरीच्या मागे लागते. आदल्या संध्याकाळी फोन, माल तयार आहे का, फोटो पाठवा. सकाळी दहाला पहिला फोन, बाराला दुसरा. दोनपर्यंत लोडिंग सुरू नाही तर मी लेखी मेल टाकते की या जहाजाचा भरवसा नाही, पुढचं बुक करू का, आणि बहुतेक वेळा त्या मेलने लोडिंग सुरू होतं.

गाडी निघाली की मग टोलनाके. फास्टॅगमुळे हे फार सोपं झालंय, करजणजवळ भरथाणा, भरुचला मांडवा, मग चोर्यासी, बोरियाच, भगवाडा, चारोटी, खानिवडे. टोल कापल्याचा मेसेज गाडीमालकाकडे जातो, तो मला पाठवतो, ड्रायव्हरला उठवायची गरज नाही. भरुचला २०१७ मध्ये नर्मदेवरचा नवा पूल झाला त्याआधी तिथे काय हाल व्हायचे हे जुने लोक सांगतात. दोन नाक्यांमध्ये नेहमीपेक्षा दीड-दोन तास जास्त गेले तर मी नकाशावर ट्रॅफिक बघते, ट्रॅफिक नसेल तर तो झोपलाय असं समजते आणि ते बरोबरच असतं.

ई-वे बिलाचं, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, मात्र डोळ्यात तेल घालून बघायला लागतं. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आमच्या रस्त्याला तीन दिवस. संपायच्या आधी ८ तास आणि संपल्यानंतर ८ तास एवढ्याच वेळात मुदत वाढवता येते. गाडी बिघडून दुसऱ्या गाडीत माल टाकला तर गाडी नंबर बदलायचा, हे विसरलात तर चेकिंगला माल उभा राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, लाइट नाही, मी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या पॉवर बँकवर फोन चालू ठेवून सहा गाड्यांच्या मुदती वाढवल्या. आई म्हणाली अगं जीव महत्त्वाचा का बिल, पण त्या सहाही गाड्यांत माणसं होती, आणि रस्त्यात पकडलं की पहिला ऐकून घेतो तो ड्रायव्हरच.

बाबांना माझ्या कामात आता फार रस आहे. त्यांचं म्हणणं की बडोद्याला मालवाहतूक नवीन नाही, खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अरुंद रूळ टाकून गाड्या चालवल्या, त्याही सुरुवातीला बैल जुंपून. मी त्यांना म्हटलं, बैल दमले की थांबवत असतील ना. ते म्हणाले, थांबवायलाच लागतं, बैल ऐकत नाही.

हे लिहीपर्यंत रात्रीचा दीड वाजला. आत्ता माझी एक गाडी रस्त्यावर आहे, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग, कट-ऑफ उद्या रात्री आठला. फॅक्टरीने आज दुपारी तीनला सोडली, फोन करून करून सोडायला लावली. तेच चाचा आहेत. दरवाजाचा फोटो आलाय, चौकटीतला आकडा मी हाताने काढून बघितला, ४ आला, दरवाजावर ४ आहे. भगवाडा साडेदहाला ओलांडलं, चारोटीचा मेसेज अजून नाही. मधे कुठेतरी ढाब्यावर गाडी लावून झोपले असणार. सहापर्यंत मी फोन करणार नाहीये.